चेंडू गेला कुठे?

आमच्या दादांची दृष्टी मधुमेहाने अधू झाली आहे. तरी क्रिकेटचा सामना असला की खुर्ची ओढून टीव्हीसमोर बसतातच. दिसत फारसे नाही, ऐकतात. परवा फलंदाजाने टोला हाणला तसा समालोचक ओरडला, ‘‘व्हॉट अ शॉट! काय इंटेंट आहे!’’ मैदानात गलका झाला. दादांनी माझ्याकडे मान वळवली, ‘‘अरे, पण चेंडू गेला कुठे?’’

त्या दिवसापासून मी समालोचन दादांच्या कानांनी ऐकू लागलो. गोलंदाज म्हणे ‘गुड एरियाज’मध्ये टाकतो. म्हणजे टप्पा कुठे पडला? ते सांगत नाहीत. दोन चौकार गेले की ‘मोमेंटम’ या संघाकडे, लगेच बळी पडला की त्या संघाकडे. बिचारे दिवसभर खेपा घालत असते! यॉर्करचा फुलटॉस झाला तर ‘एक्झिक्यूशन’ चुकले. आणि सामना हरलेला कर्णधार ‘पॉझिटिव्हज’ घेऊन घरी जातो.

खेळाला स्वतःची परिभाषा असणारच. गुगली म्हटले की लेगब्रेकचा आव आणून उलट वळणारा चेंडू डोळ्यांपुढे येतो. अशा शब्दांनी नेमकी गोष्ट दिसते. ‘इंटेंट’ने काय दिसते?

काही शब्द तर चक्क जाहिरातीतून आले. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली तेव्हा डीएलएफ ही बांधकाम कंपनी मुख्य प्रायोजक होती. षटकाराचा झाला ‘डीएलएफ मॅक्सिमम’. २०१२ नंतर ते प्रायोजकत्व संपले, पण ‘मॅक्सिमम’ मुक्काम ठोकून राहिला. लग्न आटोपल्यावरही न हलणाऱ्या पाहुण्यासारखा! बरे, तो शब्द खराही नाही. नो-बॉलवर षटकार गेला तर धावफलकावर सात धावा लागतात.

एके काळी आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन लागायचे आणि दादांसारखे कितीतरी लोक ट्रान्झिस्टरला कान लावून बसायचे. त्यांनी सामना पाहिला तो शब्दांतूनच. यष्टिरक्षक, त्रिफळाचीत, पायचीत, झेल हे शब्द असे कानांवाटे घराघरांत रुजले. आणि ते टिकाऊ निघाले. २०२१ मध्ये एमसीसीने नियमांतला ‘बॅट्समन’ काढून ‘बॅटर’ आणला, कारण मुलीही खेळतात. आपल्या ‘फलंदाज’ला काही करावे लागले नाही. फलंदाज आला, फलंदाज आली, दोन्ही चालते.

टीव्हीवर चित्र दिसते, मग वर्णन कशाला, असे समालोचकांना वाटत असेल. पण घराघरांत एखादे दादा असतात, स्वयंपाकघरातून कान देणारी एखादी वहिनी असते. त्यांच्यासाठी कोणी बोलायचे?

शेवटी मी आवाज बंद केला आणि दादांच्या शेजारी बसलो. ‘‘आखूड टप्पा, ऑफस्टंपच्या बाहेर. कट केला. पॉइंटच्या उजवीकडून... चार!’’ दादा खुर्चीत सैलावले. जुन्या दिवसांसारखी मान डोलू लागली.

तिसऱ्या षटकात एक उत्तुंग फटका गेला आणि मी भान विसरून ओरडलो, ‘‘काय शॉट आहे दादा!’’

दादा हसून म्हणाले, ‘‘असेल रे. पण गेला कुठे?’’