वॉरंट ठाण्यात नाही, कोर्टात रद्द होतं

18 जानेवारी 2023 रोजी राज ठाकरे परळीच्या न्यायालयात हजर झाले. 2008 सालच्या एका प्रकरणात तारखांना न गेल्यामुळे त्यांच्यावर अजामीनपात्र वॉरंट निघालं होतं. 500 रुपये दंड भरला, वॉरंट रद्द झालं, ते बाहेर आले. मनोज जरांगे पाटलांवर पुण्याच्या न्यायालयाने 2013 च्या एका प्रकरणात 2024 मध्ये वॉरंट काढलं. तेही कोर्टात गेले आणि रद्द करून घेतलं. दोघांच्या राजकारणाशी मला इथे देणंघेणं नाही. पण वॉरंट निघालं की मोठ्या माणसाला त्याचा वकील सांगतो, ‘चला, हजर होऊ.’ आपल्या पोराला घरचे सांगतात, ‘काही दिवस नागपूरला खालाकडे जाऊन राहा.’ ते काही दिवस मग चार-पाच वर्षं होतात.

आमच्या जवाहरनगरात याची किंमत लवकर कळते. इथलं अर्धं आयुष्य आयुध निर्माणीभोवती फिरतं, आणि फॅक्टरीच्या गेटच्या आत कंत्राटी काम मिळवायचं तरी पोलीस पडताळणी लागते. पासपोर्टचंही तेच. आखातातली नोकरी असो की अम्मीला उमऱ्याला न्यायचं असो, तुमच्याविरुद्ध खटला प्रलंबित आहे का, समन्स किंवा वॉरंट निघालंय का, हे पासपोर्टच्या अर्जातच विचारलेलं असतं. तिथे जाणूनबुजून खोटं लिहिलं तर पासपोर्ट कायद्याखाली तो वेगळा गुन्हा होतो. खटला चालू असला म्हणून पासपोर्ट मिळतच नाही, असं मात्र नाही. 25 ऑगस्ट 1993 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे न्यायालयाची परवानगी घेऊन तो मिळवता येतो. पण डोक्यावर वॉरंट ठेवून ती परवानगी मागायला जाणार कसं?

वॉरंट ‘जुनं होऊन संपतं’ हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा गैरसमज. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 72 (जुन्या सीआरपीसीचं 70) सांगतं की काढणाऱ्या न्यायालयाने रद्द करेपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत वॉरंट लागू राहतं. म्हणजे ठाण्यातला ओळखीचा हवालदार ते रद्द करू शकत नाही, साहेब करू शकत नाहीत, नगरसेवकही नाही. ‘सेटिंग’साठी दिलेले पैसे फार तर आजची अटक उद्यावर ढकलतात. दुसरा गैरसमज शब्दाचा आहे. अजामीनपात्र वॉरंट म्हणजे तुमचा गुन्हा अजामीनपात्र झाला, असा अर्थ होत नाही. गल्लीतलं भांडण, मोटारसायकलचा अपघात, वटला नाही असा चेक, अशा साध्या प्रकरणांतही तारखा चुकत गेल्या की असं वॉरंट निघतं.

मोर्च्यांतल्या आणि कोविडकाळातल्या केसेसबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे आपली तरुण मुलं जास्त फसतात. कलम 188 चे गुन्हे मागे घेण्याची घोषणा सरकारने केली, ती पेपरात आली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पण घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाला त्या न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने संमती द्यावी लागते. तुमच्या केसमध्ये तो आदेश झालाय का, ते रेकॉर्डवर बघा. नेत्याच्या भाषणावर विसंबू नका.

बघायचं कसं? ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप फुकट आहे. जिल्हा भंडारा, मग न्यायालय संकुल निवडा आणि नावाने शोधा. इथेच आपलं घोडं अडतं. आपल्या विदर्भात नाव ‘शेख इमरान शेख रहीम’ असं लिहितात, आधारवर ‘इमरान रहीम शेख’, एफआयआरमध्ये ‘इमरान शे. रहीम’. इंग्रजीत तर शेखची तीन-चार स्पेलिंग, मोहम्मदची त्याहून जास्त, आणि अब्दुलचा नुसता ‘अ.’ उरतो. एका स्पेलिंगने काही सापडलं नाही म्हणून ‘माझ्यावर काही नाही’ असं ठरवू नका. शक्य ती सगळी रूपं घालून बघा. त्याहून खात्रीचं म्हणजे एफआयआर क्रमांकाने शोधा: पोलीस ठाणं, क्रमांक, वर्ष. केस सापडली की ती कोणत्या टप्प्यावर आहे ते आणि प्रत्येक तारखेचं कामकाज उघडून वाचा. वॉरंट निघालं असेल तर बहुतेक वेळा तिथे ‘वॉरंट’ किंवा ‘एन.बी.डब्ल्यू.’ असं दिसतं. फार जुनी प्रकरणं सुप्त यादीत टाकलेली असू शकतात, त्यासाठी वकिलाकरवी कोर्टातली फाइलच पाहावी लागते. उलटा प्रकारही होतो: सापडलेला माणूस तुमच्याच नावाचा दुसरा निघतो. म्हणून वडिलांचं नाव, वय आणि पत्ता ताडून बघा.

आणि व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून कुणी ‘तुमचं वॉरंट निघालंय, डिजिटल अरेस्ट’ म्हणत असेल तर फोन ठेवा आणि 1930 ला कळवा. असली अटक कायद्यात नाही.

वॉरंट सापडलं तर वकिलाबरोबर सकाळीच कोर्टात जा, स्वतःहून हजर व्हा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. न येण्याचं कारण खरं सांगा. दवाखान्याचे कागद असोत, बाहेरगावच्या नोकरीचा पुरावा असो, समन्स जुन्या भाड्याच्या घरी गेल्याचं दाखवता येत असो, जे असेल ते जोडा. समन्स न बजावता थेट अजामीनपात्र वॉरंट निघालं असेल तर वकिलाला इंदर मोहन गोस्वामी निकालाची (2007) आठवण द्या. आधी समन्स, मग जामीनपात्र, मग अजामीनपात्र, हा क्रम सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितलाय. सुटकेची हमी कुणीच देऊ शकत नाही. न्यायाधीश दंड लावतील, नवा जामीनदार मागतील, एखाद्या प्रकरणात कोठडीही देतील. पण स्वतःहून आलेला आणि पहाटे घरातून उचलून आणलेला, यांतला फरक कोर्टाला दिसतो.

जामीनदार म्हटलं की आपण फॅक्टरीत पर्मनंट असलेल्या चाचांकडे जातो. ते पगारपत्रक घेऊन येतात, सही करतात. मग आपण तारीख चुकवतो आणि बंधपत्राची रक्कम भरण्याची नोटीस त्यांच्या घरी जाते. मोहल्ल्यात दुसऱ्या पोरासाठी कुणी उभं राहत नाही ते यामुळे. यायला जमणारच नसेल तर त्या तारखेला वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो, आणि वॉरंट रद्द करून घेण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे.

रद्द झालं की काम संपलं, असंही समजू नका. मुंबईतल्या एका वकिलाचं वॉरंट न्यायालयाने रद्द केलं होतं, तरी 15 ऑगस्ट 2002 ला त्याच वॉरंटवर त्यांना अटक झाली. रघुवंश भसीन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर नियम घालून दिले: रद्द झाल्याची नोंद रजिस्टरमध्ये व्हावी, पोलिसांकडून वॉरंट परत मागवावं, आणि आदेशाची प्रत आरोपीलाही द्यावी. ती प्रत हक्काने मागा. एक पाकिटात ठेवा, एक ठाण्यात देऊन पोच घ्या.

आपल्या जमाती आणि मोहल्ला कमिट्या अटक झाली की रात्री वर्गणी गोळा करतात. ती माया खोटी नाही, पण माझ्या मते ती चुकीच्या वेळी खर्च होते. महिन्यातून एक रविवार लॅपटॉप घेऊन दोन मुलं बसली आणि ज्याला हवं त्याचं रेकॉर्ड गुपचूप तपासून दिलं, तर त्यातल्या कितीतरी वर्गण्या लागणारच नाहीत. गुपचूप हा शब्द महत्त्वाचा. कुणाची केस चहाच्या टपरीवर गेली की दुसऱ्या रविवारी कुणी येणार नाही. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 मध्ये महिला, कोठडीतली व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक मोफत वकिलाला पात्र आहेत. हेल्पलाइन 15100, भंडाऱ्याचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच.