बर्फाचे पैसे

स्पष्टच सांगतो. ज्याच्या घरी फ्रीज आहे त्याने घरबसल्या अडीचशे रुपयांची कोल्ड कॉफी मागवणं हा निव्वळ आळस आहे. त्याला 'लाइफस्टाइल' वगैरे म्हणू नका.

"अरे, पण वेळ कुठे आहे?" हे आपलं ठरलेलं पालुपद. दोन ओळींच्या कोडवर दोन तास मीटिंग करायला वेळ असतो, नकाशावर डिलिव्हरीवाल्याचा ठिपका सरकताना बघायला वेळ असतो. आणि शेवटी दारात येतं काय? बर्फ वितळून झालेलं कॉफीच्या रंगाचं पाणी!

"घरी कॅफेसारखी होत नाही हो." कशी होईल? आपण नेहमीची गरम कॉफी बर्फावर ओततो. शाळेतला अप्रकट उष्मा आठवा. १०० मिली कॉफी ८० अंशांवरून ५ अंशांवर आणायला साधारण ९० ग्रॅम बर्फ वितळतो. म्हणजे ती निम्मी पातळ होणारच. यात महागड्या मशीनचा काय संबंध? कॉफी दुप्पट कडक करा, विषय संपला. किंवा फिल्टरचं डिकॉक्शन फ्रीजमध्ये ठेवा, हवं तेव्हा गार दूध घाला.

'कोल्ड ब्रू' हे नाव ऐकून तर अजिबात दबून जाऊ नका. ५० ग्रॅम जाडसर कॉफी पावडर, ४०० मिली साधं पाणी, बरणीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी फडक्यातून गाळा. झालं! घरोघरी चक्का बांधणाऱ्या आयांच्या पोरांना एवढंही जमू नये? गार पाण्यात कडवटपणा कमी उतरतो, त्यामुळे साखरही कमी लागते. फक्त पाकीट नीट वाचून घ्या, चिकोरी ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते.

इन्स्टंटला नाकं मुरडणाऱ्यांसाठी एक किस्सा. ग्रीसचा प्रसिद्ध फ्रापे १९५७ साली थेस्सालोनिकीच्या व्यापारी प्रदर्शनात जन्मला. का, तर म्हणे एका माणसाला गरम पाणी मिळेना. त्याने इन्स्टंट कॉफी आणि गार पाणी शेकरमध्ये घालून हलवलं. आपल्याकडे झाकणाची बाटली आहे की :-)

आता तुम्ही म्हणाल, कॅफेत लोक कॉफीसाठी थोडेच जातात? मान्य. गप्पांसाठी, एसीसाठी, कुणाला तरी भेटायला खुशाल जा, बसायच्या जागेचे पैसे खुशाल द्या. माझं भांडण घरच्या सोफ्यावरून मागवण्याशी आहे.

आणि ते फक्त पैशांचं नाही. आल्यागेल्याला आपल्या हातचं काहीतरी द्यायचं, ही आपल्याकडची साधी रीत. आता पाहुणा टेकतो न टेकतो तोच आपण फोन काढून विचारतो, "काय मागवू?" तो बिचारा संकोचाने "काही नको" म्हणतो, आणि आपणही सुटलो म्हणतो. उद्या रविवार आहे, कुणीतरी येईलच. आज झोपण्याआधी एक बरणी भरून ठेवा.