नकली ब्रूस ली आणि छत्तिसावी खोली

परवा आमच्या नातवाने मोबाइलवर एक जुना कराटेचा पिक्चर लावला आणि पोट धरून हसू लागला. "आबाजी, हे पाहून तुमी टाळ्या वाजवत होते?"

वाजवत होतो. खोटे कशाला बोलायचे! १९८० नंतरच्या दशकात यवतमाळ, पुसद, वणीकडे वर्गणी करून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा आणि एका रात्रीत तीन पिक्चर उरकायचे, ही कामकरी वस्तीची मोठी चैन होती. शेवटचा पिक्चर मारामारीचा, कारण पेंगणाऱ्यांना जागे ठेवण्याचे काम तोच करी. दुसऱ्या दिवशी पोट्टे दोन दांडक्यांना साखळी बांधून फिरवत आणि स्वतःच्याच कपाळावर टेंगूळ आणत.

कॅसेटवर ब्रूस लीचे नाव असले तरी आत तोच असेल याची खात्री नसे. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी अवघ्या ३२ व्या वर्षी वारला. त्यानंतर आलेला 'एंटर द ड्रॅगन' जगभर चालला. मागणी मोठी आणि माणूस तर गेलेला! मग निर्मात्यांनी ब्रूस ले, ड्रॅगन ली असे नट उभे केले. एकाने तर ली या नावाचे फक्त इंग्रजी स्पेलिंग बदलले. आपल्या देवनागरीत तोही ब्रूस लीच. मग आम्ही फसलो यात नवल ते काय?

पैसा कमी, त्यामुळे सगळीच काटकसर. हाँगकाँगला तेव्हा बहुतेक चित्रपट आवाजाविना घेत आणि आवाज मागाहून भरत. म्हणून ओठ एक बोलतात, कानावर दुसरेच येते. बुक्की लागण्याआधीच तिचा आवाज होतो. दहा गुंड असले तरी एकेकच पुढे येतो. बाकीचे रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे थांबतात. हे आम्हाला तेव्हाही दिसत होते. पण त्यातला नायक बहुधा नोकर, मजूर किंवा पोरका असे. त्याच्याकडे बंदूक नसे. तो पाण्याच्या बादल्या वाहून, मार खाऊन शिके.

त्यातला एक मात्र अस्सल निघाला. 'द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', साल १९७८. शाओलिन हा बौद्ध मठ. तिथे विद्येच्या ३५ खोल्या, त्या फक्त भिक्खूंसाठी. नायक त्या सगळ्या पार करतो आणि म्हणतो, आता छत्तिसावी खोली काढा, बाहेरच्या साध्या माणसांना शिकवण्यासाठी. वरिष्ठ त्याला मठाबाहेर घालवतात. ही गोष्ट आमच्या वस्तीला समजावून सांगावी लागली नाही.

नातवाला हे सांगितले आणि मग मालेगाव दाखवले. नाशिक जिल्ह्यातले हे यंत्रमागांचे गाव. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी सन २००० मध्ये सुमारे ५० हजार रुपयांत 'मालेगाव के शोले' काढला. दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवर! कोणत्या शाळेत शिकले? पार्लरमध्ये पिक्चर पाहून पाहूनच. पुढे त्यांनी 'सुपरमॅन' काढला. त्याच्या शूटिंगवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. त्यात बैलगाडीची क्रेन होते. सुपरमॅन झालेला शफीक शेख हा यंत्रमागावरचा किडकिडीत कामगार. पुढे तो तोंडाच्या कॅन्सरने गेला. (खर्रा चघळत हा अंक वाचणाऱ्यांनी इथे जरा थांबावे.) २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' लागला. त्यात शफीकची भूमिका शशांक अरोरा या नटाने केली आहे.

माहितीपट पाहतानाही नातू हसला, पण यावेळी पोट धरून नाही. बैलगाडीची क्रेन त्याने तीनदा मागे नेऊन पाहिली. मग हळूच म्हणाला, "आबाजी, मोठ्या बाबाजवळ बंडी हाये ना?"