चार भुतं आणि एक म्हातारी

वाचकहो, भुताच्या गोष्टीची गोडी नाही असा माणूस आपल्या सातारा-सांगली भागात शोधूनही सापडायचा नाही. पिंपळावरचा मुंजा, ओढ्यातली हडळ, शिवेवरचा वेताळ आणि माणसाला रात्रभर एकाच रानात फिरवणारा चकवा, ही सगळी आपल्या ओळखीची मंडळी. म्हणूनच भुताचा सिनेमा म्हटला की आपण आधीच पाय पोटाशी घेऊन बसतो. आणि तो फुसका निघाला की राग येतो; जेवायला बोलावून नुसतं ताक पाजावं तसा.

गेल्या गणपतीत आमच्या घरी नेमकं हेच झालं.

माझे थोरले बंधू गलाईच्या धंद्यात तिकडे तमिळनाडूत असतात. खानापूर-आटपाडी भागातल्या वाचकांना गलाई काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा हा धंदा. दुष्काळानं घराबाहेर काढलेली आमच्याकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगली. तर त्या बंधूंचा मुलगा गौरी-गणपतीला गावी आला. बंधू मात्र आले नाहीत. पुतण्यानं आपला मोबाईल आमच्या टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "काका, आज भुताचा सिनेमा. आज्जीलाबी बोलवा."

सिनेमाचं नाव 'घोस्ट स्टोरीज'. १ जानेवारी २०२० रोजी तो नेटफ्लिक्सवर आला. हा एक सिनेमा नव्हे, अर्ध्या-पाऊण तासाच्या चार छोट्या गोष्टी आहेत. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर अशा चार नामांकित दिग्दर्शकांनी एकेक केलेली. चार मोठे आचारी एका पंगतीला म्हटल्यावर आम्ही ऐसपैस बसलो.

इथं थोडं मागं जातो. आमची पिढी भुताचे सिनेमे तंबूत बघून मोठी झाली. रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' काढला, त्याचं चित्रीकरण आपल्याच महाबळेश्वरात झालं होतं. पुढं १९८४ साली 'पुराना मंदिर' आला. त्यातला तो ताडमाड सामरी मी जत्रेतल्या तंबूत बघितला. बाया एका बाजूला, बाप्ये एका बाजूला, मध्ये पडदा. रीळ तुटलं की शिट्ट्या. खरं सांगायचं तर सामरी दिसला तेव्हा आम्ही हसलोच होतो. भीती वाटली ती खेळ सुटल्यावर. दोन कोस वाट, दोन्ही अंगाला ऊस, आणि उसाच्या पाल्याची ती सळसळ. कुणी मागं वळून बघायचं नाही असं ठरायचं आणि प्रत्येकजण बघायचा. अर्धा सिनेमा तंबूत असायचा, अर्धा परतीच्या वाटेवर. आता घरच्या टीव्हीला ही परतीची वाटच नाही. पुतण्यानं ट्यूब मालवली, तर आमच्या मातोश्री म्हणाल्या, "आरं दिवा लाव, मला पान लावायचं हाय."

सिनेमा सुरू झाला आणि सुरुवातीलाच असं काही दृश्य निघालं की पुतण्यानं घाईघाईनं ते पुढं पळवलं. घरात बसून बघायच्या गोष्टींवर तसं आधी सांगायला नको का? असो.

दोन-अडीच तासांनी सिनेमा संपला तेव्हा माझा धाकटा मुलगा झोपला होता आणि थोरला जांभया देत होता. मग चहा ठेवला आणि सगळ्यांची मतं निघाली. एरवी वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिणारी शहाणी माणसं वेगळी असतात. पण त्या रात्री आमच्या सोप्यात जी परीक्षा झाली ती ऐकण्याजोगी होती.

आमचा थोरला शेती बघतो. शेतीला रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात हा बारा वाजता बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जातो आणि पहाटेपर्यंत उसात बारी धरतो. त्याचं म्हणणं, "ह्या भुतांना काय येळ-काळच न्हाई. दार वाजतंय, बाई ओरडतीय, आन् मग कायच न्हाई. एकदा माझ्याबरं पाणी पाजायला या म्हणावं. पायाखाली काय वळवळलं त्ये दिसत न्हाई, तवा जी छातीत धडकी भरती ती दावा." कराड-शिराळ्याकडं तर उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. तिथल्या पाणी पाजणाऱ्याला भुताची काय मातबरी?

करण जोहरांच्या गोष्टीत एका श्रीमंत घरातला नवरदेव वारलेल्या आजीशी रोज बोलतो, तिला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. मृणाल ठाकूर ही त्यात नवी नवरी आहे. आमच्या सौ. म्हणाल्या, "यात भूत कुठं आलं? जित्या सासवांपुढंबी लेक असंच करत्यात की." यावर मातोश्री काही बोलल्या नाहीत, म्हणून मीही बोललो नाही.

कश्यपांच्या गोष्टीत एक गरोदर बाई आहे, आणि कावळे, अंडी असं बरंच काही. ते बघून सौ. मध्येच उठून गेल्या. त्यांना नुसती किळस आली, भीती नाही. त्यांनी २०१७ चा आपला मराठी 'लपाछपी' आठवून सांगितला. त्यातही गरोदर बाईच आहे, उसाच्या रानातल्या एकट्या घरात आणून ठेवलेली. पण त्यातलं भय मुलींचा जीव घेण्याचं होतं. सातारा जिल्हा परिषदेनं २०११ साली 'नकुशी' नावाच्या २८० हून अधिक मुलींना नवी नावं दिली, त्या भागातल्या बाईला तो सिनेमा भिववणारच. "तो बघून मी दोन रात्री झोपले नव्हते," सौ. म्हणाल्या.

दिबाकर बॅनर्जींची गोष्ट तेवढी सगळ्यांना पसंत पडली. छोट्या गावातली माणसं मोठ्या गावातली माणसं खाऊन टाकतात अशी ती गोष्ट. थोरला म्हणाला, "ह्ये खरं हाय. बाजारात माल घेऊन गेलं की कळतं." पुतण्यानं सांगितलं की सिनेमा आला तेव्हा बाहेरच्या बहुतेक प्रेक्षकांचा कौलही असाच होता, ही एक गोष्ट बरी, बाकी निराशा. म्हणजे आमची परीक्षा काही चुकली नव्हती.

चहा संपला. आता उठायचं, एवढ्यात मातोश्री म्हणाल्या, "आन् त्या पहिल्या म्हातारीचं काय?"

पहिली गोष्ट झोया अख्तर यांची. आम्ही तिला 'बरी आहे, पण काही घडतच नाही' म्हणून केव्हाच निकालात काढलं होतं. एका घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे. २०२१ साली वारलेल्या सुरेखा सिक्री यांनी ती केली आहे. तिची देखभाल करायला एक नर्स येते. म्हातारी सारखी मुलाचं नाव घेते, तो घरातच आहे म्हणते. तो काही दिसत नाही. आणि शेवटी मुलगा येतो तेव्हा कळतं की म्हातारी आधीच मरून पडलेली आहे. नर्स जिच्याशी बोलत होती ती कोण, हे भुताचं कोडं. आम्ही त्या कोड्यातच अडकलो होतो.

मातोश्रींनी कोडं सोडूनच दिलं होतं. त्या म्हणाल्या, "एवढं दिस ती पडून ऱ्हायली, आन् शेजारच्या एकालाबी तिला हाक माराविशी वाटली न्हाई? मग भूत कशाला घातलं त्यात?"

कुणी बोललं नाही. वाचकहो, आमच्या गावात गलाईच्या पैशातून बांधलेले दुमजली बंगले आहेत. फरशी, गच्ची, पुढं लोखंडी फाटक. वर्षातून पंधरा दिवस ते माणसांनी भरतात. एरवी वरच्या खोल्यांना कुलपं, आणि खाली एक म्हातारी किंवा म्हातारा. आमच्या पलीकडच्या बंगल्यात आक्का अशाच एकट्या आहेत. दोन्ही मुलगे परमुलखात. पैसे वेळेवर येतात, फोनही येतो, त्यांना नावं ठेवायला जागा नाही. पण आक्कांनी सकाळी दार उघडलं की नाही हे बघायचं काम कुणाचं, हे आम्ही कधी ठरवलंच नव्हतं. मध्ये आठ हातांची बोळ आहे.

पुतण्या मोबाईल घेऊन अंगणात गेला. बापाशी बोलत होता. काय बोलला ते मी विचारलं नाही. आत आल्यावर त्यानं आज्जीच्या हातात फोन दिला आणि मातोश्री नेहमीसारख्याच पहिल्यांदा ओरडून बोलल्या, "जेवलास का?"

दुसऱ्या दिवशी गौरीचा फराळ घेऊन मातोश्री काठी टेकत आक्कांकडं गेल्या त्या दुपारीच परतल्या. दोघींनी मिळून एक ठरवून आल्या. दिवे लागायच्या वेळी आक्कांनी पुढच्या पडवीतला दिवा लावायचा आणि सकाळी उजाडल्यावर मालवायचा. तो आमच्या सोप्यातून दिसतो. संध्याकाळी लागला नाही, किंवा सकाळी तसाच जळत राहिला, तर आमच्या घरातून कुणीतरी लगेच जायचं.

गणपतीनंतर एकदा तो सकाळी आठपर्यंत जळत होता. थोरला नुकताच रानातून आलेला, चिखलाच्या पायांनी तसाच पळाला. आक्का मागच्या परड्यात शेवग्याच्या शेंगा काढत होत्या. दिव्याची आठवणच राहिली नव्हती. त्यांनी त्याला चार शिव्या दिल्या, फरशी खराब केली म्हणून, आणि शेंगाही दिल्या.