सांडपाणी वाया घालवणे परवडणारे नाही

नागपूरच्या भांडेवाडीत शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला पुरवले जाते. तेवढे धरणाचे पाणी लोकांना पिण्यासाठी वाचते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोणतीही यंत्रणा पाहताना आत काय जाते आणि बाहेर काय येते, हे तपासायची सवय लागली आहे. सांडपाण्यातून पाण्याखेरीज बरेच काही मिळते. गाळ हवाबंद टाकीत कुजवला की बायोगॅस मिळतो. फॉस्फरस वेगळा काढला की खत होते. आणि खतासाठी लागणारे बहुतेक रॉक फॉस्फेट भारत आयात करतो. म्हणजे नदीत घाणीबरोबर आपण पैसाही सोडतो.

‘असे पाणी पाक कसे?’ असे कुणी विचारेल. १९७८ साली सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने याचे उत्तर दिले आहे. प्रगत प्रक्रियेनंतर रंग, चव आणि वास यांत नजासतीचा अंश उरला नाही, तर त्या पाण्याने वुजूही करता येतो. पिण्यासाठी मात्र आरोग्याच्या दृष्टीने ते टाळणे बरे. तेव्हा धर्माची अडचण नाही, अडचण आपल्या उदासीनतेची आहे.

मित्रांनो, सुरुवात वुजूखान्यापासून करू या. ते पाणी गाळून मशिदीच्या आवारातील झाडांना देता येते. शिवाय माहितीच्या अधिकारात महापालिकेला विचारा : शहरात रोज किती सांडपाणी तयार होते, त्यातले किती शुद्ध होते आणि ते जाते कुठे? नाला ज्यांच्या दारावरून वाहतो, त्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा.