हेडमास्तरांची मान हिशेबातून वर येऊ द्या

कलबुर्गी जिल्ह्याचा दहावीचा निकाल 2025 मध्ये 42.43 टक्के लागला. कर्नाटकात सर्वांत खाली. दक्षिण कन्नड जिल्हा 91 टक्क्यांवर होता. असा निकाल लागला की करजगीपासून आळंदपर्यंत सगळ्यांचं बोट शिक्षकांकडे वळतं आणि उपायही ठरलेला असतो: आणखी एक प्रशिक्षण.

प्रशिक्षण हवंच. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने त्यासाठी वर्षाला किमान 50 तास सांगितले आहेत. पण तिथून परतलेले गुरुजी सोमवारी अपूर्णांक कसे शिकवतात, हे बघणार कोण? ते काम हेडमास्तरांचं. त्यांची सकाळ मात्र मुलांना शाळेत मिळणारी दुधाची पावडर, अंडी-केळ्यांचा हिशेब आणि ऑनलाइन माहिती भरण्यात सरते. सीमाभागातल्या मराठी शाळेत कन्नड परिपत्रकं उलगडून सांगणंही बहुधा त्यांच्याच गळ्यात. लहान शाळेला तर स्वतंत्र हेडमास्तरही नसतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट 150 च्या वर गेला, तरच ते पद मिळतं. एरवी एखादे ज्येष्ठ गुरुजी 'प्रभारी' म्हणून आपला वर्ग सांभाळत कारभारही हाकतात.

न्यूझीलंडच्या अभ्यासक विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले. शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापक स्वतः सहभागी होतात, तिथे मुलांच्या प्रगतीवर सर्वाधिक परिणाम दिसला. नुसतं प्रशिक्षणाला पाठवणं वेगळं आणि शेजारी बसून शिकणं वेगळं!

इतक्या लांब जायचीही गरज नाही. पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा नावारूपाला आली ती मुख्याध्यापक दत्तात्रय वारे यांच्या काळात. पुढे निलंबन आणि चौकशीला तोंड देऊन ते खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरला आले. ही शाळा बंद पडायच्या बेतात होती. तिथे त्यांनी मोठी-लहान मुलं एकमेकांना शिकवतील अशी 'विषयमित्र' पद्धत रुजवली, गावाला सोबत घेतलं. 2025 मध्ये 'जगातील सर्वोत्तम शाळा' पुरस्कारांत लोकपसंतीचा मान याच शाळेला मिळाला. वारे यांच्यासारखी माणसं मोजकीच, हे खरं. म्हणूनच चांगला हेडमास्तर मिळणं नशिबावर सोडून चालत नाही.

कर्नाटकात सरकारी शाळांना एसडीएमसी, म्हणजे शाळा विकास व देखरेख समिती आहे. छत आणि शौचालयाची चर्चा आटोपली की पालकांनी तिथे विचारावं: गेल्या महिन्यात हेडमास्तर सर किती तास इतरांच्या वर्गात बसले? उत्तर शून्य आलं तर सरांना धारेवर धरू नये. दुधा-अंड्यांचा हिशेब सांभाळायला वेगळा माणूस द्या, अशी मागणी आपल्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी करावी.