हिवाळ्याच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांसाठी

मिनियापोलिसच्या मराठी मंडळींचा नोव्हेंबर ते मार्च एकच जप चालू असतो. "काय हा बर्फ! कुठे येऊन पडलो राव!" मग विकांत एकतर मॉलमध्ये, नाहीतर कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बटाटेवडे हाणत. वर्षाचे पाच महिने बाद! दहा वर्षं इथे काढलीत तर पन्नास महिने, म्हणजे चार वर्षांहून जास्त, गेले बाराच्या भावात. इंजिनियर आहात ना? हिशोब तपासून बघा.

यावर कुणीतरी म्हणतंच, "अहो, आम्ही जातो की स्कीइंगला!" जातात, वर्षातून एकदा. लांबचा डोंगर, लिफ्टचं महागडं तिकीट, भरपूर फोटो आणि सोमवारी दुखरे गुडघे. जा बापडे. पण डाउनटाउनपासून गाडीने दहा-एक मिनिटांवर थिओडोर वर्थ पार्क आहे, त्याचं काय? तिथल्या क्रॉस-कंट्री ट्रेल्सवर फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्ल्ड कपच्या शर्यती झाल्या. आपल्याला मात्र तिथला उन्हाळ्यातला पिकनिक स्पॉट तेवढा माहीत!

"पडलो तर?" पडाल. बर्फात पडाल आणि उठाल. क्लासिक प्रकारात मशीनने आखलेल्या दोन समांतर खोबणी असतात, स्की त्यांत ठेवायची आणि चालायला लागायचं. बुटाची टाच मोकळी असते, त्यामुळे हे खरं म्हणजे घसरत चालणंच. "थंडी वाजेल!" उलट दहा मिनिटांत घाम फुटतो. म्हणूनच तो जाडजूड पार्का आणि जीन्स घरी ठेवा. एकावर एक पातळ कपडे घाला, फक्त सुती नकोत, ते घामाने भिजले की मग खरंच कुडकुडाल. सामान भाड्याने मिळतं. पास लागतो तिथे निमूटपणे काढा, त्याच पैशांतून ट्रेल्सची निगा राखली जाते.

आणि हो, त्या खोबणींवरून बूट घालून फिरायला जाऊ नका. एकाच्या फेरफटक्याने मागून येणाऱ्या सगळ्यांची वाट लागते (शब्दशः).

आता मुद्द्याचं. बर्फ दरवर्षी पडेलच, हे कुणी सांगितलं? २०२३-२४ च्या हिवाळ्यात तो इतका कमी पडला की शेजारच्या विस्कॉन्सिनमधली, १९७३ पासून चालत आलेली बर्कबायनर शर्यत कृत्रिम बर्फाच्या १० किलोमीटरच्या चकरीवर उरकावी लागली. वर्थ पार्कातल्या वर्ल्ड कपचा मार्गही बहुतांशी कृत्रिम बर्फाचाच होता. म्हणजे ज्याला आपण शिव्या घालतोय, तोच दुर्मिळ होत चाललाय. आपली पोरं इथेच जन्मली, इथेच वाढतायत. त्यांना हिवाळा म्हणजे खिडकीतून बघायची गोष्ट, एवढंच शिकवणार का?

तेव्हा पुढच्या वेळी रात्रभर बर्फ पडला की सकाळी ड्राइव्हवे साफ करा, चहा घ्या आणि पोरांना घेऊन ट्रेल गाठा. वडे काय, संध्याकाळी आहेतच. भूकही जबरी लागलेली असेल!